चारच्या चहातली पूड

सोडा, श्वास सोडा. पोट आत ओढून माप देताय, आणि मग पॅन्ट घट्ट झाली की बोलणी मला — हं, आता कसं. दोन इंच. देते सैल करून, आत कापड आहे भरपूर, पण मला एक सांगा दादा, सकाळी हीच पॅन्ट नीट बसते ना? बसते. वाटलंच मला. मग ही चरबी नव्हे, हा गॅस आहे. लाजताय काय, तीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजतेय मी, सकाळचं पोट कुठलं आणि संध्याकाळचं कुठलं ते माझ्या टेपलासुद्धा कळतं. माझं स्वतःचं पोट मात्र चोवीस तास सारखंच, तिथे टेप काय बोलणार.

आमच्या ह्यांचं अगदी अस्संच होतं. छापखान्यात प्रुफं तपासायचे, जन्मभर. रिटायर झाले आणि पोटानं संप पुकारला. जेवले की फुगायचं, गुडगुड तर अशी की पलीकडच्या खोलीत मला वाटायचं कुणी कपाट सरकवतंय. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतड्यातले चांगले जंतू कमी झाले असतील, ह्या कॅप्सूल घेऊन बघा, फरक पडला तर पडला. हे म्हणाले, जन्मभर साबणानं हात धुतले ते काय म्हातारपणी जंतू विकत घेऊन खायला? नाही म्हणजे नाही. मग मी काय केलं — हलू नका, टाचणी आहे — कॅप्सूल उघडून पूड त्यांच्या चहात घालायला लागले. गुपचूप. रोज चार वाजता दुकान बंद करायचं, वर जायचं, चहा खळखळा उकळायचा, पूड घालायची आणि समोर बसायचं. बसावंच लागायचं हो, अर्धा चहा बेसिनमध्ये ओतायची खोड आहे त्यांना, जंतू वाया गेले असते. एरवी मी कुठली वर जातेय — नऊला मशीनवर बसले की आठलाच उठणार, आणि ते वर एकटे, ओट्याशी उभ्याउभ्याच काहीतरी खायचे. आता बसलं की बोलणं आलंच. ते पेपरातल्या चुका दाखवतात, मी गिऱ्हाइकांच्या नकला करते — तुमची नाही, तुमची अजून केली नाही.

तीन महिन्यांत पट्टा एक भोक आत आला, विचारा कुणालाही. मी तर डॉक्टर व्हायचीच राहिले होते. ह्या गल्लीत दहा जणांना तरी सल्ला दिला असेन, फी न घेता. ही बघा, हीच ती बाटली — तिसरी. आज नवी आणायचीय म्हणून नमुन्याला खाली आणली, नाहीतर फ्रिजच्या दारात जॅमच्या मागे लपवलेली असते. नाव लिहून घ्या. कशी घ्यायची? अहो सांगितलं ना, चहात. बरं, एवढं लिहिलंय तर वाचा तुम्हीच, चष्मा लावूनही मला इतकं बारीक दिसत नाही.

काय? पुन्हा वाचा.

गरम पेयात मिसळू नये... मरतात म्हणजे? सगळे? मरणारच की, उकळता चहा तो, माणूससुद्धा मरेल. अगं बाई. म्हणजे तीन महिने मी ह्यांना मेलेले जंतू पाजतेय, तेही समोर पहारा देऊन? हसा, हसा, टाचणी टोचली तर मला सांगू नका. पण मग पोट बरं कशानं झालं त्यांचं? झालं ते झालंच ना, पट्ट्याचं भोक काय खोटं बोलणार आहे —

रेघ? कसली रेघ? त्या ओळीच्या खाली? लाल?

द्या इकडे.

हो. रेघ दिसतेय मला. पेन्सिलीची आहे. बसच्या तिकिटावर चूक सापडली तरी हा माणूस लाल पेन्सिल काढतो, आणि फ्रिजमधलं लोणी रोज तोच काढतो, आणि मी बाटली जॅमच्या मागे लपवतेय. पहिल्या दोन बाटल्या तर मी न बघताच टाकून दिल्या. म्हणजे ठाऊक आहे त्यांना. मी काय घालते ते, आणि त्याचा काही उपयोग नाही तेसुद्धा. आणि तरी रोज माझी पावलं जिन्यावर वाजली की टेबलाशी येऊन बसतात. हल्ली तर एका कपाला अर्धा तास लावतात, आणि मी म्हणते, आटपा ना लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय. रोज म्हणते मी असं.

काही नाही, डोळ्यात दोरा गेलाय. पॅन्ट गुरुवारी मिळेल. नाव कशाला लिहून घेताय, डॉक्टरांना विचारा, मला काय कळतंय त्यातलं. किती वाजले? चारला पाच कमी? मग जा पडद्यामागे, उतरवा ती, टाचण्या सांभाळून. आणि निघा आता. जाताना दारावरची पाटी तेवढी उलटी करा. तिच्यावर साडेचारला उघडेल असं लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका.