मजकुराची जागा वेगळी असते

(दौंड. इंद्रजीतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, दुपारची वेळ. शिरूरहून एसटीनं आलेले अब्राहाम काका समोर बसलेत. त्यांची बायको ग्लॅडिस सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती जाऊन वर्ष उलटलंय. इंद्रजीत तिची वेबसाईट उघडून बघतोय.)

इंद्रजीत : काका, इथं काहीच नाही.

अब्राहाम : न्हाई कसं? 'नमस्कार मंडळी' लिहिलंय की.

इंद्रजीत : ते सिस्टरनं लिहिलेलं नाही. नवी साईट टाकली की ते आपोआप येतं. कुणाचीही असो, पहिलं पान तेच.

अब्राहाम : मला वाटलं, सुरुवात झाली. नवा फोन घेतला तवा नंबर कसे एकेक करून आले, तसं बाकीचं मागनं येईल. रोज सकाळी उघडून बघतोय. रोज नमस्कार मंडळी.

इंद्रजीत : कधीपासून बघताय असं?

अब्राहाम : ऊसतोडीवाले आले तवापासून.

इंद्रजीत : आता ते परत निघाले, काका! आणि मला आज सांगताय?

अब्राहाम : येईल येईल म्हणत बसलो. त्यात इथं यायचं म्हंजी चौफुल्याला गाडी बदलायची. गुडघं बघ माझं.

इंद्रजीत : बरं, मला पहिल्यापासनं सांगा. काय दाबलं होतं तुम्ही?

अब्राहाम : दाबलं न्हाई. लिहिलं. तिच्या वर्षाच्या प्रार्थनेला चर्चची माणसं घरी आली होती. त्यात एकजण म्हणाले, 'सिस्टरच्या नावाआधी अजून ख्रिस्तवासी लावलं न्हाई व्हय?' तुमच्यात कै. लावतात ना, तसं आमच्यात. मलाबी वाटलं, राहिलंच की. दाराची पाटी बदलून घेतली. फोटोखाली लिहून घेतलं. मग म्हटलं, साईट राहिली.

इंद्रजीत : आणि साईटवर कुठं लावलं?

अब्राहाम : जिथं जिथं तिचं नाव दिसलं तिथं. वर मोठ्या अक्षरात हाय तिथं. लेखिका म्हणून हाय तिथं. आन् सेटिंगमधी खाली एक रकाना होता, इंग्रजीतला, त्यातबी तिचं नाव होतं.

इंद्रजीत : अहो, तो साईटचा पत्ता आहे!

अब्राहाम : मला काय ठाऊक? नाव होतं, लावलं. एका जागी लावायचं आन् एका जागी सोडायचं, बरं दिसतं का ते? हस तू. हस.

इंद्रजीत : हसत नाही, काका. म्हणजे, हसलो. सॉरी. पण त्यानं काही बिघडत नाही. पत्ता चुकला म्हणून घर पडत नसतं. आतून तेवढा एक शब्द काढला, की चहा येईपर्यंत साईट चालू.

अब्राहाम : मग काढ की.

इंद्रजीत : पण हे ते घरच नाही. हे नवीन बांधलंय कुणीतरी, जुनं पाडून. पत्ता बदलल्यावर पुढं काय केलं?

अब्राहाम : काय न्हाई.

इंद्रजीत : काका.

अब्राहाम : साईट दिसंना झाली. आत जायला गेलो तर आतबी जाता येईना. घाबरलो. डायनाला फोन लावला, नाशिकला. ती बँकेत, कामाच्या गर्दीत. ती म्हणाली, 'पप्पा, साईटसाठी ज्या कंपनीकडं जागा भाड्यानं घेतलीय तिच्या पानावर जा, तिथून सॉफ्टवेअर परत टाका, होईल नीट.' तिच्या आईनं पासवर्ड कॉम्प्युटरमधी ठेवलेलाच होता. ती सांगत गेली, मी दाबत गेलो. एका ठिकाणी लाल अक्षरात काहीतरी आलं. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'हो म्हणा.'

इंद्रजीत : लाल अक्षरात काय होतं?

अब्राहाम : इथं आधीचं काहीतरी हाय, ते काढून टाकू का, म्हणून.

इंद्रजीत : चहा घेणार का, काका?

अब्राहाम : चहा नको. बॅकअप हाय ना माझ्याकडं! हा बघ पेनड्राईव्ह. ग्लॅडिस दर महिन्याला घ्यायची. चर्चमधून आली की आधी हे, मग भाकरी. मी वैतागायचो, भूक लागायची. आजारात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची, पण बॅकअप चुकवला न्हाई. लाव हा.

इंद्रजीत : हे आधी का नाही दिलंत! आणा. वा. बघा, शेवटच्या महिन्याचापण आहे. सिस्टर म्हणजे सिस्टर.

अब्राहाम : मग! दवाखान्यात औषधाच्या बाटल्यासुद्धा तारखेवारी लावायची.

इंद्रजीत : फोटो आहेत सगळे. थांबा. ही आमची आई!

अब्राहाम : कुठाय?

इंद्रजीत : ही काय. वरवंडच्या घरापुढं. तोंडावर हात धरलाय, पुढचा दात पडला होता म्हणून. सिस्टर म्हणत होत्या हात काढा, ही काढतच नव्हती.

अब्राहाम : तुझ्या जन्माच्या वेळंला ग्लॅडिसच होती ना?

इंद्रजीत : हो तर. रिटायर झाल्यावर परत आल्या आमच्याकडं, साईटवर लिहायचं म्हणून. ज्या ज्या बायकांची बाळंतपणं केली, त्यांच्या घरी जात होत्या ना. आईशी दुपारभर बोलत बसल्या होत्या.

अब्राहाम : स्कूटीवरनं जायची. खुटबाव, वरवंड, पाबळ. मी म्हणायचो, बाई, आता पेन्शन खा गप. तर म्हणायची, 'तवा मी त्यांना नुसतं कळ दे, कळ दे म्हणत होते. त्या काय म्हणत होत्या ते ऐकायचं राहिलं.'

इंद्रजीत : या फोल्डरमध्ये नाही. ह्यातपण नाही.

अब्राहाम : काय शोधतोयस?

इंद्रजीत : मजकूर.

अब्राहाम : त्यातच असंल.

इंद्रजीत : नाही, काका. यात फोटो आहेत. साईटचा रंग, अक्षरं, मांडणी, सगळं आहे. लिहिलेलं नाही. मजकुराची जागा वेगळी असते. तो फोल्डरमध्ये नसतो, डेटाबेसमध्ये असतो. त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

अब्राहाम : आरं, पण ती सगळं घ्यायची. मी बघितलंय. अख्खं फोल्डर उचलायची.

इंद्रजीत : अख्खं फोल्डर उचललं की सगळं आलं असंच वाटतं माणसाला. मोठमोठ्यांचं होतं असं.

अब्राहाम : दुसऱ्या महिन्याचं उघड.

इंद्रजीत : उघडलं. तेच आहे.

अब्राहाम : त्याच्या आधीचं?

इंद्रजीत : तेच, काका.

अब्राहाम : मग ती जागावाली कंपनी हाय की. त्यांच्याकडं असंल.

इंद्रजीत : सकाळी तुमचा फोन आल्यावर आधी त्यांच्याशीच बोललो. ते काही दिवसांचंच ठेवतात. त्यांच्याकडं आता नमस्कार मंडळीचाच बॅकअप आहे. जुनी पानं साठवणाऱ्या साईटी असतात, तिथंही बघितलं. गूगलमध्ये बघितलं. सिस्टरनं सगळीकडून बंद करून ठेवलं होतं.

अब्राहाम : व्हय. बायका विश्वासानं बोलतात, म्हणायची. ज्याला लिंक दिली त्यानंच वाचावं. तुझ्या आईचं काय लिहिलं होतं?

इंद्रजीत : मी वाचून दाखवलं होतं आईला. म्हणाली, 'एवढं सगळं कशाला सांगितलं मी सिस्टरला!' आणि दोन दिवस नुसती हसत होती. माझ्या जन्माचं होतं. लाईट गेलेली, आणि अण्णा बाहेर कंदील धरून उभे, म्हैस सुटली तरी हलले नाहीत, असं काहीतरी.

अब्राहाम : पुढं?

इंद्रजीत : पुढचं नाही आठवत. साईटवर आहेच म्हटलं.

अब्राहाम : आईला इचार की.

इंद्रजीत : आई आता मलाच पाहुणा समजते, काका. जेवून जा म्हणते.

अब्राहाम : अरेरे.

इंद्रजीत : शेवटचं काय होतं हो, आजारातलं? मी लॅपटॉप दुरुस्तीला आणला होता तेव्हा बघितलं, बरंच लिहिलेलं होतं.

अब्राहाम : मी वाचलं न्हाई. तिच्यामागं वाचायचं धाडसच झालं न्हाई. म्हटलं, वर्ष जाऊ दे. मग सावकाश, रोज थोडं थोडं वाचीन. इंद्रजीत, डायनाला काय सांगायचं?

इंद्रजीत : जे झालं ते.

अब्राहाम : न्हाई. ती आईच्या शेवटाला पोचली न्हाई. गाडी चाकणला अडकली होती. ते अजून घेऊन बसलीय पोरगी. त्यात हे नको. पत्त्यामुळंच गेलं असं सांग.

इंद्रजीत : पत्त्यानं जात नाही, काका. खोटं आहे ते.

अब्राहाम : तू कॉम्प्युटरवाला. तुझं पटंल तिला. माझ्या नावावर राहू दे ते. लाव फोन. स्पीकरवर.

डायना : हॅलो, पप्पा? बोला पटकन, काउंटरवर आहे.

अब्राहाम : दौंडला आलोय, इंद्रजीतकडं. बघितलं त्यानं. न्हाई यायचं परत.

डायना : म्हणजे? काहीच नाही?

अब्राहाम : फोटो हायेत. लिहिलेलं गेलं. मी तो पत्ता बदलला ना, त्यानं.

डायना : तुम्हाला सांगितलं होतं, सेटिंगला हात लावू नका!

अब्राहाम : व्हय, सांगितलं होतंस.

डायना : आणि मी दाबायला लावलं ते? ते लाल अक्षर?

अब्राहाम : ते मागनं. तोवर आत काही राहिलंच नव्हतं. इचार इंद्रजीतला.

डायना : दादा? खरं आहे का?

इंद्रजीत : ताई, ते...

डायना : दादा, स्पष्ट सांगा. मी तेव्हा नीट ऐकलंच नव्हतं पप्पांचं. समोर माणूस ओरडत होता पासबुकासाठी. मी नुसतं हो हो म्हटलं. तेव्हापासून मला झोप नाही.

इंद्रजीत : पत्त्यानंच गेलं, ताई. तुमचा त्यात काही संबंध नाही.

डायना : नक्की ना?

इंद्रजीत : नक्की.

डायना : पप्पा, तुम्ही ना! कोण काय म्हणालं म्हणून लगेच उठायचं आणि करायचं. आईनं कधी मिरवलं का काही? काय गरज होती? तिचं एवढं एकच होतं.

अब्राहाम : चुकलंच माझं.

डायना : आता चुकलं म्हणून काय होतंय? मी पाडव्याच्या सुट्टीत सलग वाचणार होते. आता काय वाचू? ठेवते. लाईन लागलीय.

इंद्रजीत : काका, पाणी घ्या.

अब्राहाम : बरं बोलली. ऐकलंस ना आवाज? हलका झाला.

इंद्रजीत : तुम्हाला किती बोलली.

अब्राहाम : बोलू दे. तू ते फोटो चढवतोस का परत? रिकामं नको वाटतं.

इंद्रजीत : चढवायला लावलेत मघाशीच. हे काय, येतायत एकेक. ही कोण?

अब्राहाम : न्हाई ठाऊक.

इंद्रजीत : ही? मागं शेड दिसतंय.

अब्राहाम : पाबळची असंल. का न्हाई... मी कधी गेलोच न्हाई रं तिच्यासंगं. ही लाल पातळवाली, ही एकदा घरी आली होती. पेरू घेऊन. नाव सांगत होती ग्लॅडिस. काय बरं.

इंद्रजीत : असू द्या, आठवेल.

अब्राहाम : झालं का?

इंद्रजीत : फोटो सगळे लागले. खालचं लिहायचं राहिलंय.