भूमिकाची गोळी आणि मामाची पावडर

...नाही पण मी म्हणतो, पोरीला डाऊन सिंड्रोम आहे हे आम्हाला सात वर्षं माहीत आहे, मग दर पाहुण्यानं चपला काढता काढता ते नव्यानं का सांगायचं? आणि त्यात आमचे मेहुणे, धुळ्याचे नवीनभाऊ! तुम्हाला सांगतो, माणूस परवापर्यंत ठिबकच्या नळ्या विकायचा, आता तब्येती विकतो! "भाऊजी, भूमिकाच्या पेशींना गंज चढतोय, गंज! ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस! ही अँटिऑक्सिडंट पावडर द्या, सकाळी, उपाशीपोटी, दुधातून... बठ्ठं बरं व्हई जाई, सगळं!"

जळगावच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "या मुलांत तो स्ट्रेस जास्त असतो, खरंय. पण पावडरीनं मुलं सुधारल्याचं कुठल्या अभ्यासात दिसलेलं नाही." हे बायकोला सांगितलं, तर वृषाली म्हणते, "मामानं दिलंय. मामाचं परत करतात का?" संपलं!

आता भूमिकाला थायरॉईडची गोळी असते. तीही उपाशीपोटीच, नुसत्या पाण्याबरोबर. मग आम्ही काय डोकं लढवलं? पावडरच्या दुधातच गोळी विरघळवली! मीच ढवळायचो हो, दोष कोणाला देऊ?

तीन महिन्यांत पोरगी मंदावली. सकाळी उठल्या उठल्या अंगणात नाचणारी पोर, शाळेत बाकावर झोपायला लागली. माझा जीव खालीवर! मामांना फोन केला, तर "गंज बाहेर पडतोय भाऊजी, दोन चमचे करा!" केले. मामाचं, नाही कसं म्हणणार?

शेवटी जळगाव गाठलं. रक्ताचा रिपोर्ट बघून बाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर देता?" सांगितलं. कपाळावर हातच मारला त्यांनी! "अहो, दुधातलं कॅल्शियम, पावडरीतलं लोह... गोळी अंगी लागणार कशी?" तुम्हाला सांगतो, पोरीकडे बघायची लाज वाटली मला. एवढी जपली, आणि स्वतःच्या हातानं...

पावडर बंद. गोळी पाण्याबरोबर. दोन महिन्यांत भूमिका परत अंगणात, मलाही ओढते नाचायला! मामा आले, बघतच राहिले. आता सुनावतोच म्हणून मी तोंड उघडतोय, तोवर यांनी मोबाईल काढला, व्हिडिओ घेतला, ग्रुपवर टाकला: 'आमची भाची! पावडरचा गुण!'

"अहो, ती दोन महिने बंद आहे!"

"तेच ना भाऊजी, गुण यायला वेळ लागतो!"

संध्याकाळी आमच्या धरणगावचेच चौघे दारात. "भाऊ, पावडर कुठं मिळते?" मी हात जोडले. म्हटलं, पावडर नाही हो, पाणी! नुसतं पाणी! त्यावर त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि एकजण हळूच कानाशी येऊन म्हणतो,

"कोणत्या कंपनीचं?"