वाक्याच्या आधी येणारा आवाज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विद्यापीठ उपकेंद्राचे संचालक घनश्याम बिसेन सर, माझ्या शेजारी बसून घड्याळाकडे अर्थपूर्ण नजर टाकणाऱ्या सूत्रसंचालिका मेघाताई, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती कवडूजी मारबते, त्यांच्या सौभाग्यवती रेवताबाई, मागच्या पडद्यावरून आपल्याला पाहत असलेली आपली माजी विद्यार्थिनी कामिनी पटले, आणि तुमसर, वरठी, नाकाडोंगरीहून आपापली कामं टाकून आलेल्या रसिकहो, आपणा सर्वांना रंगकला व चित्रपट विभागाची प्रमुख म्हणून ज्योत्सना लांजेवारचा नमस्कार.

कवडूजी उद्यापासून निवृत्त होत आहेत. कागदोपत्री त्यांचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं आहे. आता आपल्या विभागात प्रयोगशाळा आहे कुठे? विद्यापीठानं पद मंजूर केलं त्याला एकोणतीस वर्षं झाली, प्रयोगशाळा अजून यायची आहे. पण कवडूजी आले, आणि त्यांच्याबरोबर आमच्याकडे प्रॉम्प्टर आला. हे बरंच झालं, असं मी जाहीरपणे सांगते. बिसेन सरांनी ते मनावर घेऊ नये.

नवीन विद्यार्थ्यांसाठी थोडं सांगायला हवं. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर ही लपवायची गोष्ट नसते. धानाची कापणी झाली की गावोगाव नाटकं लागतात. तालमी कमी, प्रयोग जास्त. मग हा माणूस रंगमंचाच्या पुढच्या कडेला वही घेऊन बसतो आणि नटाच्या अर्धा श्वास आधी प्रत्येक वाक्य सपाट आवाजात सांगत जातो. रडायचं वाक्यही सपाट आणि भांडायचंही सपाट. समोरच्या माणसांना तो ऐकू येतो, पण कोणी त्याला ऐकत नाही. कानाला तशी सवयच असते. नोकरी लागण्याआधी कवडूजींनी हे काम पंधरा वर्षं केलं, आणि नंतर आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी केलं.

आता चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली सभागृहात प्रेक्षकांना बंदी होती. पदवीचं वार्षिक सादरीकरण पडद्यावरून करा, असं पत्र आलं. तीन परीक्षक तीन शहरांत आपापल्या घरी बसून बघणार. आम्हाला त्यातलं काय येत होतं? काहीच नाही. बांबूला सायकलच्या ट्यूबनं चार मोबाइल बांधले. रंगमंचाच्या बरोबर मधोमध, पुढच्या कडेला, माइक ठेवला. तो मी माझ्या हातानं ठेवला. रीतीप्रमाणे सुरुवातीला नारळ फोडला, तो कॅमेऱ्यासमोरच, आणि पाणी भिंगावर उडालं. पहिली पाच मिनिटं परीक्षकांना आमचं नाटक पाण्याखाली चाललेलं दिसलं असावं.

कामिनी त्यात पोलीस पाटील झाली होती आणि तिचा वर्गमित्र भुपेंद्र संशयित. आणि कवडूजी कुठे बसले होते? जिथे प्रॉम्प्टर बसतो तिथे. मीच त्यांना म्हटलं होतं, "कवडूजी, तुम्ही आपल्या जागेवर बसा." त्यांची जागा म्हणजे माइकच्या पुढे दीड वीत.

परीक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येऊ लागलं. त्यांना वाटलं, आवाज घुमतोय. त्यांनी एकमेकांना माइक बंद करायला सांगितलं. सगळ्यांनी बंद केले. आम्हीही घाबरून आमचा बंद केला, तेव्हा नाटकच मुकं झालं. तो परत सुरू केला. शेवटी त्यांच्यातल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "प्रतिध्वनी नंतर येत असतो. हा आधी येतोय."

आज आपण हसतो आहोत. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. परीक्षकांनी गैरप्रकाराचा शेरा मारला आणि अकरा विद्यार्थ्यांचे निकाल रोखले गेले. कामिनीला दुसऱ्या राज्यातल्या चित्रपट संस्थेत जागा मिळाली होती. महिनाअखेरपर्यंत निकाल दाखवला नाही तर ती जागा जाणार होती. तिचे वडील तुमसरला राइस मिलमध्ये कामाला. ते रोज मला एकदा फोन करायचे आणि एकच विचारायचे, "मॅडम, काही समजलं का?"

चौकशी समितीनं विभागाकडून खुलासा मागवला. तो आवाज कोणाचा? त्या माणसाला तिथे कोणाच्या परवानगीनं बसवलं? मंडळी, आता जे सांगते आहे ते या कार्यक्रमपत्रिकेत नाही. तो खुलासा मी लिहिला. माझ्या परवानगीशिवाय ती व्यक्ती तिथे बसली, असं मी लिहिलं. खाली सही केली. विभाग बंद पडेल अशी भीती होती, हे खरं. पण स्वतःच्या खुर्चीचीही भीती होती, हेही खरंच आहे.

समितीनं कवडूजींना पडद्यावर बोलावलं. ऑफिसच्या लॅपटॉपसमोर ते पांढरा सदरा घालून बसले. मी बाजूला, पडद्यात दिसणार नाही अशी. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला तिथे कोणी बसवलं?"

"मी आपल्या मनानं बसलो जी," कवडूजी म्हणाले.

"म्हणजे या मुलांना पाठांतर नव्हतं. तुम्ही सांगत होता आणि ती बोलत होती."

"नाही जी. पोट्ट्यायले सारं पाठ होतं. मी आदतीनं बोलून राहिलो होतो."

"याला पुरावा काय?"

कवडूजींना बोलताना शब्द शोधावा लागला, असं मी एवढ्या वर्षांत तेवढं एकदाच पाहिलं. मग म्हणाले, "तिसऱ्या प्रवेशाची रेकॉर्डिंग लावा जी. त्यात माझा आवाजच नाही."

रेकॉर्डिंग लावली. खरंच, तिसऱ्या प्रवेशात दोन मिनिटं एकच आवाज होता, कामिनीचा. "पंख्यानं माझ्या वहीची सुटी पानं उडाली," कवडूजी सांगू लागले. "सतराव्या नंबरचं पान मधात जाऊन पडलं. प्रॉम्प्टरचं पान हरवणं म्हणजे काय, तुमाले काय सांगू? चाळीस वरसात माझं हरवलं नव्हतं. या पोट्टीनं पाहिलं. ते खुर्चीतून उठली, चाल्ली, भुपेंद्रले नाटकात नाही ते सवाल पुसले, अन् पायानं पान माह्याकडे सरकवलं. तिनं मले सांभाळलं जी, मी तिले नाही."

पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. पोलीस पाटलीणबाई चौकशी करत फेऱ्या घालतेय, आणि तिच्या चपलेखालून एक कागद हळूहळू पुढे येतोय. गंमत बघा, परीक्षकांनी त्या फेऱ्यांना आधीच दिग्दर्शनाचे जास्तीचे गुण दिलेले होते.

प्रॉम्प्टरसाठी याहून मोठी नामुष्की नाही. आपल्या साऱ्या आयुष्याची अब्रू या माणसानं समितीच्या तीन अनोळखी चेहऱ्यांसमोर काढून ठेवली, त्या पानाबद्दल कोणी विचारलेलं नसताना, अकरा पोरांसाठी. सव्वीस तारखेला निकाल लागले, कामिनीची जागा वाचली. मी टेबलावर डोकं टेकून रडले. कामिनीच्या वडिलांना फोन केला तर मागे मिलचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. त्या दिवशीसारखा मोकळा श्वास मी त्यानंतर एकदाच घेतला. तेही सांगते.

दरम्यान आपण शिकलो. आता आपली सादरीकरणं पाच शहरांतून पाहिली जातात. कोणता माइक कुठे ठेवायचा ते पहिल्या वर्षाच्या मुलांनाही कळतं. श्रेयनामावलीत प्रॉम्प्टरचं नाव असतं, समितीनंच तशी सूचना केली. पण माझा खुलासा तसाच फायलीत राहिला होता. चार वर्षं रोज कवडूजी मला चहा आणून देत होते आणि मी तो पीत होते.

गेल्या रविवारी मी नाकाडोंगरीला त्यांच्या घरी गेले. रेवताबाईंनी बाज टाकली, पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कवडूजी म्हणाले, "मले मालूम आहे मॅडम."

"कसं?"

"स्कॅन कोणं केलं होतं ते पत्र?"

खरंच की. विभागातला प्रत्येक कागद तेच स्कॅन करतात. तोही मीच त्यांच्या हातात दिला होता, पालथा करून. चाळीस वर्षं वही वाचणाऱ्या माणसाला कागद पालथा करून दिला. म्हणजे चौकशीला बसले तेव्हा ते सगळं वाचून बसले होते, आणि तरी म्हणाले, मी आपल्या मनानं बसलो.

मी म्हटलं, "कवडूजी, मग एवढी वर्षं रागावला कसे नाहीत?"

रेवताबाईच बोलल्या. "राग नाही आला त्यायले. जेवले नाही दोन दिवस. तुमी त्यात 'बाहेरची व्यक्ती' लिहिलं होतं ना."

कवडूजी मान खाली घालून म्हणाले, "परवानगीचं लिहिलं ते ठीक होतं मॅडम. पोट्ट्यायचं पाहणं जरूरी होतं. पण बाहेरचा कायले लिहिलं?"

मंडळी, त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मघाशी म्हटलेला तो दुसरा मोकळा श्वास मी घेतला. माणसानं आपल्याला विचारावं, याचंही किती बरं वाटतं.

हा समारंभ पडद्यावरून विद्यापीठात दिसतो आहे आणि त्याची नोंद राहणार आहे. म्हणून समोरच्या कॅमेऱ्याकडे बघून सांगते, बिसेन सरांच्या साक्षीनं. त्या दिवशी कवडूजी मारबते माझ्या सांगण्यावरून बसले होते. या आशयाचं पत्र मी आज सकाळी सरांच्या टेबलावर ठेवलं आहे, आणि ते मी स्वतः स्कॅन केलं आहे, थोडं तिरपं आलंय.

आपण सर्वांनी वेळ काढलात, मेघाताईंनी दोनदा खाकरूनही मला बोलू दिलं, रेवताबाईंनी त्या रविवारी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, या सगळ्यासाठी मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला काही लागलं असेल, तर उदार मनानं पोटात घाला. माझी लिहिण्यातली चूक मात्र पोटात घालू नका. ती माझ्या नावावर राहू द्या. कवडूजी, तुम्ही या घरचे आहात.