ज्याला लागेल, तो बांधेल

मंडळी, आजचा सवाल साधा आहे. गावाचं म्हणजे कुणाचं? — अहो, तांब्या कशाला पुढे करताय? राहू द्या तिकडेच, पाणी नको! — हां, तर गावाचं म्हणजे कुणाचं? 'सगळ्यांचं!' वा! तोंडानं सगळेच म्हणता. खिशात हात घालायची वेळ आली, की मग बघा!

ऐका तर. बोरसरवाडी नावाचं गाव. दर मंगळवारी मोठा बाजार. वाड्यावस्त्यांवरच्या बायका पहाटेच पाट्या घेऊन येणार, दिवेलागणीला परतणार. बाजारात बसायला जागा आहे, पण 'जायला' जागा नाही! कळलं ना? पदर तोंडाला लावलात, म्हणजे कळलंच!

ग्रामसभा भरली. कांदेवाली साळूआक्का उभी राहिली. "बाजारात बायांसाठी संडास बांधा."

झालं! नोकरदारांची कॉलनी म्हणाली, "बांधा, पण आमच्या खिडकीसमोर नको. त्यापेक्षा वाचनालय काढा!" आणि तात्यासाहेब धुमाळ? उसाचे बागायतदार! माळावर दुमजली बंगला, बंगल्यात संडास तीन — त्यातला एक पाहुण्यांसाठी, कुलपात! तात्यासाहेबांना हवी होती स्वागतकमान, वडिलांच्या नावाची. ते म्हणाले, "आमच्या घरपट्टीतून लोकांचे संडास का? ज्याला लागेल, तो बांधेल!"

टाळ्या! कमान मंजूर!

बाजाराच्या तोंडाशीच कमान उभी राहिली, उद्घाटन मंगळवारीच. तात्यासाहेब फेटा बांधून मधल्या खुर्चीवर. उन्हाचे दिवस. आधी उसाचा रस आला — घरचाच ऊस, नाही कसं म्हणायचं? मग ताक. मग भाषणं! पहिल्या भाषणाला तात्यासाहेब हसत होते. दुसऱ्याला पाय जवळ आले. तिसरा वक्ता 'थोडक्यात सांगतो' म्हणाला, आणि तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी! लोक म्हणाले, वडिलांची आठवण आली!

फीत कशीबशी कापली, आणि उठले. गाडी? बैलगाड्यांत अडकलेली. बंगला? तो तिकडे माळावर! एखाद्या भिंतीआड जावं, तर फेटा लांबून दिसतोय. जिकडे वळतील तिकडे, "रामराम, तात्यासाहेब!" जन्मभर मान मिळवला, आणि आता आपल्याला कुणी ओळखू नये एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटी साळूआक्काच्या कांद्यांपाशी येऊन वाकले. "आक्का, इथं कुठं आडोसा...?"

"का वो?"

"लागलीय!"

आक्कानं मान वर केली. "लागलीया? मग बांधा की!"

पण म्हातारी मनानं मोठी. हाक मारली, "ए रखमे, ए शेवंते, धरा गं लुगडी!" बायका उठल्या. कमानीमागे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, लुगड्यांच्या पदरांचा पडदा धरला. आणि आत तात्यासाहेब — वडिलांच्या नावाखाली!

बाहेर आले ते मान खाली घालून. "आक्का, तुम्ही दर बाजाराला असंच करता?"

"न्हाई वो. पडदा धरत बसल्यावर धंदा कुणी करायचा? बाजाराच्या दिशी आमी सकाळधरनं पानीच पीत न्हाई."

मंडळी, रस आणि ताक पिऊन उभा होता तो माणूस. लाज वाटली हो त्याला, खरीखुरी लाज!

पुढच्या ग्रामसभेत तात्यासाहेब स्वतःच उठले. "संडास बांधा. आधी बायांचे."

कॉलनीतले एक गुरुजी म्हणाले, "पण तुमच्याकडे तर तीन आहेत!"

"आहेत हो गुरुजी. पण लागते तेव्हा बंगला लांब असतो!"

मंजूर! सरपंचांनी हौसेनं विचारलं, "नाव कुणाचं द्यायचं?" तात्यासाहेबांनी हातच जोडले. "नावाचं तेवढं काढू नका!"

हसलात? हसा, हसा! आता जरा आपल्या देवळाकडे बघा. कळसाला सोनेरी मुलामा, पायरीपायरीवर देणगीदारांची नावं. छान! आणि देवळामागे काय आहे? बाभळी! या मायमाऊल्या दुपारपासून बसल्यात. एकीच्या तरी हातात पाण्याचा पेला दिसतो का? आणि मघाशी मी तांब्या का परतवला, कुणी विचारलंत?

वाटलं असेल, बुवांचा उपास आहे. उपास नाही हो, मंडळी — माझंही घर लांब आहे!