लोकसभेनंतरचा अबोला

...मग झोप लागणार कशी, तुम्हीच सांगा, सहा वर्षांची पोरगी माणसाशी सरळ बोलेनाशी झालीय, आणि कशानं, तर दिल्लीत सरकार बदललं म्हणून, का बदललं नाही म्हणून, आमच्या घरात अजून त्यावरही एकमत नाही. मी आपली अंथरुणात पडून पंख्याकडं बघत बसते, की ही मोठी होणार, हिचं लग्न होणार, आणि ही शेजारच्या काकूंना हाक मारून नवऱ्याला निरोप देणार, चहा ठेवलाय म्हणून. हसताय ना? हसा. मी बी.एड. झालेय, बालमानसशास्त्राचा पेपर दोनदा दिलाय, दुसऱ्यांदा सुटले, त्यामुळं मला सगळं अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवट माहीत असलेल्या बाईला झोप येत नसते.

तर तुम्हाला सांगते, केडगावात आमच्या दोन खोल्या. आमचे हे सुप्याला कंपनीत आहेत, कंत्राटावर, दर दिवाळीला साहेबलोक सांगतात पुढच्या वर्षी परमनंट, आणि दर दिवाळीला हे घरी येऊन तेच मला सांगतात, जणू नवीन बातमी. सासरे आप्पासाहेब, सगळे आप्पाच म्हणतात, पाथर्डी डेपोत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर सासूबाईंना घेऊन आमच्याकडं आले. गाडी सुटली, आवाज राहिला. पाणी मागितलं तरी वाटतं पुढं सरका म्हणतायत.

आता ह्या आप्पांचे एक साहेब. नाव नाही सांगत, सांगितलं की तुमच्यातलेच दोघं उठून भांडतील. आमच्या भागाचे जुने खासदार, दिल्लीत मंत्रीही होते, वारले त्याला जमाना झाला, पण आमच्या हॉलमध्ये देवांच्या शेजारी त्यांचा फोटो आहे, आणि अगरबत्ती ओवाळताना आप्पा खंडोबाला एक फेरा देतात आणि साहेबांना दोन. का, तर साहेबांनी ऊसतोड्यांच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं होतं. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले की पोरं तिथं राहायची, जेवायची, शाळेत जायची. आप्पा त्यातले. ते वसतिगृह नसतं तर आप्पांच्या हातात तिकिटाच्या ट्रेऐवजी कोयता असता, हे ते स्वतःच सांगतात, आणि खरं आहे ते, मी कुठं नाही म्हणते? पण प्रत्येक पाहुण्याला, चहा यायच्या आधी?

आला निकालाचा दिवस. ह्यांनी रजा टाकली. पोरीच्या गॅदरिंगला रजा मिळाली नव्हती बरं का, पण जाऊ दे. आप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, टीव्हीसमोर. टीव्हीवर आठ चौकोनांत आठ माणसं एकाच वेळी ओरडतायत, खाली आकडे पळतायत, आणि शिसारी येईल इतका तो एकच शब्द, महानिकाल, महानिकाल. निकाल तरी कसा, तर जिंकलेला पेढे वाटतोय, हरलेलाही पेढे वाटतोय, आणि सगळे म्हणतायत जनतेनं धडा शिकवला, कुणाला ते कुणीच सांगेना. आमचे दोघं दोन्हीकडचे. दोघंही म्हणाले, आमीच जिंकलो. मग भांडायचं कशाला? पण नाही ना.

आप्पा फोटोकडं बघून म्हणाले, "साहेबांची पुण्याई हाय ही. येवढी वर्सं झाली, पन मानसं इसरली न्हाईत."

हे म्हणाले, "काय केलं हो साहेबांनी? वसतिगृह काढलं, पोरं शिकवली, आन् शिकवून आमच्या कंत्राटदाराच्या गेटवर आणून उभी केली. पुढं काय, ते कुठं लिहिलं होतं?"

"त्या वसतिगृहात मी जेवलोय."

"जेवलात ना? मग एका ताटासाठी जन्मभर मत दिलंत?"

मी स्वयंपाकघरात होते, माझ्या हातातलं लाटणं थांबलं. टीव्हीवरचे आठ जण सुद्धा थांबल्यासारखे वाटले. आप्पा उठले, रिमोट टीपॉयवर ठेवला, आणि अगदी हळू, म्हणजे आप्पांच्या मानानं हळू, म्हणाले, "नाव बिभीषण ठिवलं म्याच. चूक माजीच हाय."

त्यावर सासूबाई आतून काय म्हणाव्यात? सासूबाईंचं नाव लंकाबाई. "बिभीषनानं काय करायचं ते करू द्या," त्या म्हणाल्या, "पन लंकेचा सैपाक झालाय, आदी जेवून घ्या." कुणी हसलं नाही. मी हसले, पण मला त्या घरात धरत नाहीत. आई, तुम्ही कुणाला मत दिलं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "ते माज्या बोटाला म्हाईत." मला तर कुणी विचारलंही नाही, मी कुणाला दिलं. शिकलेली सून, दिलं असेल काहीतरी.

त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला. दोन खोल्यांत अबोला धरायचा म्हणजे काय असतं, केलाय का कधी? एक दिवाणावर, एक खुर्चीवर, हात लांब केला तर एकमेकांच्या नाकाला लागेल, आणि मधे उभी आमची ज्ञानू. ज्ञानेश्वरी. निरोप्या. आप्पांनी म्हणायचं, "ज्ञाने, तुज्या पप्पाला म्हनावं, मोटार बंद कर, टाकी भरली." हिनं दोन पावलं इकडं यायचं, "पप्पा, मोटार बंद करा, टाकी भरली." ह्यांनी म्हणायचं, "आप्पांना सांग, केली." हिनं दोन पावलं तिकडं. "केली." अहो, त्यांना ऐकू आलंय, सगळ्या बिल्डिंगला ऐकू आलंय. ज्यांच्यासाठी हे चाललंय ते तिकडं शपथा घेऊन खुर्च्यांवर बसले, फोटो काढले, खाती वाटून घेतली, आणि इकडं केडगावात दोन माणसं पोरीच्या तोंडून मोटार बंद करतायत, दिल्लीत कुणाला पत्ता तरी आहे का?

आणि निरोप तरी काय एकेक! "पप्पाला म्हनावं, पाऊस लागलाय, सुप्याच्या रोडला गाडी दमानं हाण." "आप्पांना विचार, बीपीची गोळी घेतली का." गोळीचं मी रोज तीनदा सांगते, माझं कुणी ऐकत नाही, पण पोरगी विचारायला आली की आप्पा लगेच जीभ काढून दाखवतात, घेतली म्हणून. "पप्पाला इचार, जेवला का कंपनीत." एवढ्या वर्षांत ह्या माणसानं लेकाला कधी जेवला का विचारलं नव्हतं, तिकीट काढलं का एवढंच विचारायचं राहिलं होतं. बोलत नाहीत म्हणजे नाहीतच, आणि निरोप मात्र पाव्हण्यारावळ्यांना द्यावेत तसे.

पुढं तर पोरगी निरोप बदलायला लागली. हे एकदा वैतागून म्हणाले, "आप्पांना सांग, तो टीव्ही बारीक करा, डोकं उठलंय त्या बडबडीनं." ही गेली आणि म्हणाली, "आप्पा, पप्पांचं डोकं दुखतंय." आप्पांनी टीव्ही बंदच केला आणि हिच्याच हाती बामची डबी पाठवली. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "वकील व्हनार गं ही." आणि मी इकडं गार. वकील कसली, पोरगी सहाव्या वर्षी खोटं बोलायला शिकली, बालमानसशास्त्रात ह्याला काहीतरी नाव होतं, पहिल्या वेळी त्याच प्रश्नाला मी नापास झाले होते.

मग परवा शाळेच्या गेटवर अश्विनी मॅडमनी मला बाजूला घेतलं. "ज्ञानेश्वरीच्या मम्मी, जरा बोलायचं होतं." म्हणाल्या, "अहो, ती वर्गात कुणाशी सरळ बोलतच नाही. शेजारी संस्कृती बसते, तिचं खोडरबर हवं असलं तर मागं वळून समर्थला म्हणते, तिला सांग, खोडरबर दे. काल तर माझ्यासमोर उभी राहून त्याला म्हणाली, मॅडमना सांग, मला शूला जायचंय. घरी काही टेन्शन आहे का?"

काय सांगू? म्हटलं, "लोकसभा."

मॅडम म्हणाल्या, "ती तर सगळ्यांकडंच झाली."

म्हटलं, "आमच्याकडं अजून चालू आहे."

तिथून घरी येईपर्यंत मी ठरवलं, आज बोलायचंच. कुकरसमोर उभं राहून भाषणाची तालीम केली, कुकर शिट्टी द्यायचा आणि मी विसरायचे, पुन्हा पहिल्यापासून. माझं काय असतं, मनात मी संसदेत बोलते आणि तोंडातून येतं, भाजी वाढू का. पण संध्याकाळी दोघं जेवायला बसले, मधे ज्ञानू, आप्पा म्हणाले, "ज्ञाने, पप्पाला म्हनावं, ठेचा सरकव," आणि ती तोंडातला घास तसाच ठेवून वळली, ते बघून माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ती काही सांगणार नाही. तुमच्यामुळं पोरगी शाळेत शूला सुद्धा वकिलामार्फत जाते. तिला वाटतंय, आपल्या माणसाशी असंच बोलायचं असतं. तुमचे साहेब गेले, ह्यांचे साहेब ह्यांना ओळखत नाहीत, दिल्लीत कुणाला पत्ता नाही तुम्ही दोघं जिवंत आहात का, आणि माझी पोरगी मुकी होत चाललीय.

मग माझी मीच घाबरले. सासऱ्यांसमोर एवढं? माझ्या माहेरी जामखेडला फोन जाणार, तुमच्या पोरीला वळण नाही म्हणून.

पण आप्पा भाकरीकडं बघत बसले. मग ह्यांनी वाटी उचलली, हात लांब केला आणि म्हणाले, "आप्पा, ठेचा घ्या."

सरळ. आप्पांना. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आप्पांनी ठेचा घेतला, घास मोडला, घसा खाकरला आणि म्हणाले, "घेतो. पन बिभीषना, ते ताटाचं तू बोलाया नको हुतं."

"चुकलं आप्पा. माझं चुकलंच."

"मी उपाशी हुतो रं. आई फडात हुती."

"माहितीये आप्पा." आणि इथं थांबावं की नाही माणसानं? देवानं थांबायची जागा दिली होती. हे म्हणाले, "पण आप्पा, ताट तरी साहेबांच्या घरचं होतं का? सरकारचंच ना?"

"सरकारचं? सरकार तवा कुनाचं हुतं?"

"म्हणजे आमच्या टॅक्समधून."

"तुजा टॅक्स? तू जल्माला तरी आल्ता का?"

झालं. ठेच्यावरून वसतिगृह, वसतिगृहावरून पाणी, पाणी आलंच नाही म्हणून दिल्ली, दिल्लीवरून एकदम युद्ध, मग पुरावा पाहिजे म्हणून टीव्ही लावला, त्यातले आठ जण तयारच होते, ते आठ आणि आमचे दोन, दहा जण ओरडायला लागले. "तुमी अडाणी मतदार." "तू शिकून काय उजेड पाडला?" भाजीत माशी पडली, कुणी बघेना. सासूबाई ताट उचलून आत गेल्या, जाता जाता म्हणाल्या, "सूनबाई, तोंडं उगडलीस, आता कान झाक."

आणि ज्ञानू मधेच बसलेली, हातात भाकरीचा तुकडा तसाच, एकदा इकडं बघतेय, एकदा तिकडं, आता हिला निरोप द्यायला कुणी उरलंच नाही. मी म्हटलं, रडणार आता ही. जवळ घेतलं. तर ती माझी ओढणी ओढून, कुणाच्या मार्फत नाही, सरळ मला म्हणाली,

"मम्मी, हे दोघं बोलत नव्हते ना, तेव्हाच किती छान बोलायचे."