तीन खोल्यांपलीकडची हाक

एकनाथराव: तुमच्या या कागदावर आमच्या घराला जे विशेषण लावलेलं आहे, ते आधी मागे घ्या, चहाचं आपण नंतर बघू. ‘विशेष साहाय्याची गरज असलेलं कुटुंब’! जामबागच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, मुलगा आणि सून दोघंही नोकरीत आहेत, घर स्वतःचं आहे. यांपैकी साहाय्याची गरज नेमकी कोणाला आहे?

त्रिवेणी: सर, तो छापील फॉर्म आहे. सगळ्या घरांना तोच.

एकनाथराव: काय?

त्रिवेणी: छापील फॉर्म आहे, सर!

एकनाथराव: छापून आलेली चूक ही हातून झालेल्या चुकीपेक्षा अधिक गंभीर मानावी लागते.

मालनबाई: आवं, दारातच वाद कामून घालायले? आत तर येऊ द्या तिला! ये गं त्रिवेणी, बस इथं! पाणी आणू का?

त्रिवेणी: आणा काकू. पण एवढं ओरडू नका, मी समोरच आहे.

मालनबाई: ओरडतंय कोण? हा माझा साधा आवाज आहे!

एकनाथराव: बाईंचा परिचय मला झालेला नाही.

मालनबाई: परवा प्रशांतनं सांगितलं की! सायलीच्या शाळेनं पाठवलंय हिला. लहान लेकरांचं बोलणं, ऐकणं, चालणं बघतात हे लोक. काही कमी असलं तर वेळेत सांगतात, घरी येऊन शिकवतात.

एकनाथराव: शाळा म्हणू नकोस. दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासांच्या वर दोन खोल्यांत जे चालतं, त्याला खेळघर म्हणतात. आणि तिथून मी माझी नात दोन महिन्यांपूर्वी सन्मानपूर्वक परत आणलेली आहे. ‘पापा लक्ष देत नाही, पापा हाकेला ओ देत नाही’ (तेलुगूत लहान मुलीला ‘पापा’ म्हणतात) हे आरोप मी चार पानी पत्रात एकेक करून खोडून काढले. त्या पत्राला आजवर उत्तर नाही.

त्रिवेणी: उत्तर कसं येणार? लक्ष्मी मॅडमना मराठी येत नाही.

एकनाथराव: हा त्यांचा दोष.

त्रिवेणी: त्यांनी ते पत्र आधी एका बँकवाल्यांना दाखवलं. त्यांना पहिलं वाक्य संपेना. मग आमच्या केंद्रात मराठी वाचणारी मी एकटीच, म्हणून ते माझ्याकडं आलं. सर, तुमच्या पत्रावरूनच तर मी केस उघडली.

एकनाथराव: माझ्या पत्रावरून? त्यात केस संपवलेली आहे.

त्रिवेणी: वाचू?

एकनाथराव: अवश्य. सावकाश वाचा. त्या मजकुराला घाई मानवत नाही.

त्रिवेणी: ‘प्रस्तुत बालिकेस या घरातील कोणतीही हाक तीन खोल्यांपलीकडूनही तत्काळ ऐकू येते, आणि या विधानाची साक्ष वरच्या मजल्यावरील रेड्डी कुटुंब कोणत्याही वेळी देऊ शकेल.’

एकनाथराव: यात कोणता शब्द तुम्हांला खटकला?

त्रिवेणी: एकही नाही. मी येताना रेड्डी आंटींकडं जाऊन आले. त्यांनी साक्ष दिली. म्हणाल्या, खालच्या घरातलं आम्हांला सगळं मालूम असतं. काल तुमच्याकडं भेंडी होती.

मालनबाई: हौ, भेंडीच होती!

त्रिवेणी: आणि ती सरांना आवडली नाही.

मालनबाई: कधी आवडली होती?

एकनाथराव: रेड्डीबाईंची श्रवणशक्ती उत्तम आहे, एवढंच यातून सिद्ध होतं.

त्रिवेणी: अजून एक होतं. सर, या घरात हाक मोठ्यानंच का मारतात?

एकनाथराव: कारण ती हाक असते.

त्रिवेणी: काकू?

मालनबाई: मी काय बोलू? आठेक वर्षं झाली. आधी टीव्ही मोठा झाला, मग मी मोठी बोलायला लागले, मग प्रशांत. तेजश्री लग्न होऊन आली तेव्हा किती हळू बोलायची बिचारी! सहा महिन्यांत शिकली. तिच्या आईला वाटलं, सासरी रोज भांडणं होतात.

एकनाथराव: मालन, विषय सायलीचा आहे. माझा नाही.

त्रिवेणी: हाच तर विषय आहे, सर.

एकनाथराव: स्पष्ट बोला.

त्रिवेणी: स्पष्ट तर बोलतेच आहे, माझा घसा बसत आला. सायलीला ऐकू कमी येतं, असा मला शक आहे. बिल्कुल येत नाही असं नाही. मोठा आवाज येतो. आणि या घरात मोठ्याशिवाय दुसरा आवाजच नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

एकनाथराव: तर्क आकर्षक आहे, पण पाया कच्चा. या तीन वर्षांच्या मुलीला ‘अर्थात’ हा शब्द योग्य जागी वापरता येतो. बहिऱ्या मुलाला ‘अर्थात’ येतो?

मालनबाई: ‘तथापि’ पण म्हणते. बिस्किट दिलं की ‘तथापि’ म्हणून दुसरं मागते.

त्रिवेणी: सर, तुम्ही तिच्या तोंडासमोर बसून, दणदणीत आवाजात, एकेक अक्षर सुटं करून बोलता. तिला सगळ्यांत जास्त तुमचं बोलणं पोचलं, म्हणून तिच्याकडं तुमचेच शब्द आहेत. पण तिला नाव विचारलं तर काय सांगते?

एकनाथराव: सायली. स्वच्छ, निर्दोष उच्चार.

मालनबाई: आवं, ‘आयली’ म्हणते ती.

एकनाथराव: मला ‘सायली’ ऐकू येतं.

मालनबाई: तुम्हांला तसंच ऐकू येतं हो.

त्रिवेणी: बारीक आवाजाची अक्षरं तिच्यापर्यंत पोचतच नसतील. खात्री मोठ्या तपासणीतच होईल. गुरुवारी अकराला दवाखान्यात नंबर लावलाय. हा चुकला तर पुढचा तीन महिन्यांनी. बोलायला शिकण्याच्या वयात तीन महिने म्हणजे खूप झाले, सर. प्रशांतला फोन केला होता मी. तो म्हणाला, बाबा हो म्हणाले तर आम्ही येतो.

एकनाथराव: बाबा नाही म्हणतात. तुमच्याजवळ संशय आहे. माझ्याजवळ तीन वर्षांचं निरीक्षण आहे. पुरावा दाखवा. इथे, याच खोलीत.

त्रिवेणी: दाखवते. फक्त तिला माझं तोंड दिसायला नको. तुम्ही तिला मांडीवर घ्या आणि खिडकीकडं वळून बसा. बोलू नका मात्र.

एकनाथराव: किती वेळ?

मालनबाई: आता खरी परीक्षा!

(एकनाथराव कोपऱ्यात खेळत बसलेल्या सायलीला मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसतात. सायलीच्या हातात चित्रांचं पुस्तक. त्रिवेणी आणि मालनबाई त्यांच्या पाठीमागे, चार पावलांवर.)

त्रिवेणी: काकू, आता हळू बोलायचं. दुपारी शेजारणीशी बोलतो ना, तेवढंच.

मालनबाई: असं?

त्रिवेणी: अजून हळू.

मालनबाई: असं? बाई गं, माझा आवाज असा पण आहे, मी विसरूनच गेले होते.

त्रिवेणी: हाक मारा तिला.

मालनबाई: सायली. सायली, खाली मांजर आली बघ, पिलं घेऊन आली… नाही वळली गं. मांजर म्हटलं की जेवणावरून उठते ही.

त्रिवेणी: पुस्तकात गुंग असेल. पान उलटू द्या. हं, आता.

मालनबाई: सायली, बाळा, आजीकडं ये. लाडू देते… त्रिवेणी, ही बघतच नाही माझ्याकडं.

त्रिवेणी: घाबरू नका, काकू. वेळेत कळतंय, हे चांगलंच आहे. आता लाडू सरांना द्या.

मालनबाई: त्यांना साखर आहे.

त्रिवेणी: नुसते बोलून द्या.

मालनबाई: आवं… डिंकाचे लाडू ज्वारीच्या डब्यात आहेत. वरच्या फळीवर. संक्रांतीपासून शोधायलेत तुम्ही.

त्रिवेणी: हलले नाहीत.

मालनबाई: कान पण नाही टवकारला! अजून एक म्हणू?

त्रिवेणी: म्हणा की.

मालनबाई: तुमचं ते साडेतीनशे पानांचं पुस्तक मी अठ्ठाविसाव्या पानावर सोडलं. पुढचं काही वाचलं नाही. ‘उत्तम झालंय’ म्हटलं होतं ते खोटं होतं. अय्या, किती बरं वाटायलंय! अजून एक…

त्रिवेणी: बस, काकू, बस.

एकनाथराव: बाई, आम्ही आजोबा आणि नात केव्हाचे तयार आहोत. चाचणी सुरू केव्हा होणार?

त्रिवेणी: झाली, सर.

एकनाथराव: काय?

त्रिवेणी: झाली, सर! संपली!

एकनाथराव: अशक्य. इथे कोणी एक शब्दही उच्चारलेला नाही.

त्रिवेणी: काकू चार वाक्यं बोलल्या. दोन तिच्यासाठी, दोन तुमच्यासाठी.

एकनाथराव: कोणती?

मालनबाई: पहिली दोन सांगते. नंतरची नक्को.

एकनाथराव: मालन, तू शपथेवर सांग. हाक मारलीस?

मालनबाई: सायलीची शपथ. मांजर म्हटलं, लाडू म्हटलं. चार पावलांवरून. ना ती वळली, ना तुम्ही.

एकनाथराव: एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं शास्त्रसंमत नाही.

मालनबाई: मग बागेत काय होतं, ते पण ऐका. तुम्ही बाकावर पेपर वाचत बसता, मी बघते. पोरं हिला मागून हाक मारतात, चल खेळायला म्हणतात. ही वाळू उकरत बसते. गेल्या आठवड्यात बघितलं, त्यांनी हाक मारायचंच सोडलंय. हिच्या बाजूनं पळून जातात.

एकनाथराव: मला वाटलं, ती एकांतप्रिय आहे. चिंतनशील. मी प्रशांतला तसं सांगितलंसुद्धा, की हिचा पिंड माझा आहे.

त्रिवेणी: सर…

एकनाथराव: थांबा. मला वाक्य पूर्ण करू द्या. म्हणजे लोकांनी मला हाक मारायचं केव्हा सोडलं, हेही मला ठाऊक नसणार. गेली काही वर्षं कॉलेजातले जुने सहकारी मला सभांना बोलावतात, आणि सभा संपल्यावर घोळक्यात कोणी माझ्याशी फारसं बोलत नाही. मी समजत होतो, माझा दरारा आहे.

मालनबाई: दरारा पण आहे हो. थोडा.

एकनाथराव: बहिरा मी. आणि माझ्या बहिरेपणाच्या आड हिचं झाकून गेलं. तीन वर्षं! त्यावर मी चार पानं लिहिली, त्रिवेणीबाई, आणि त्यांतला एकही शब्द बदलावा असं तेव्हा मला वाटलं नाही.

त्रिवेणी: सर, ते पत्र नसतं तर मी आलेच नसते. आणि ‘तथापि’ तर तुमच्याचमुळं आलंय. शहाणी आहे ती. कानाचं मशीन लागलंच, तर भराभर शिकेल.

एकनाथराव: ठीक. गुरुवारी प्रशांत सुट्टी काढील. मी सांगतो.

त्रिवेणी: अजून एक आहे. मशीन मिळतं, पण लहान पोरं ते कानात ठेवत नाहीत. काढतात आणि फेकतात. एका घरात कमोडमध्ये सापडलं, एका घरात इडलीच्या पिठात. दिवसभर कानात राहिलं तरच उपयोग. सायली कोणाची नक्कल करते?

मालनबाई: आणखी कोणाची? चष्मा कपाळावर चढवते, पेपर उलटा धरते आणि भेंडीला नाक मुरडते.

एकनाथराव: तुमच्या बोलण्याचा रोख माझ्या लक्षात आला. नाही. तो विषय माझ्यापुरता बंद आहे. एकतीस वर्षं मी शंभर विद्यार्थ्यांपुढे माइकविना बोललो आहे.

मालनबाई: बोललात. ऐकायचं काम त्यांचं होतं.

एकनाथराव: कानात यंत्र अडकवलेला माणूस म्हातारा दिसतो.

मालनबाई: एकाहत्तर झाली. आत्ता काय नवरदेव दिसायलेत?

त्रिवेणी: सर, माझं काम सांगण्याचं. आजोबा सकाळी उठून मशीन लावतात, मग मी पण लावते, असं तिला वाटलं पाहिजे. दुसरं कोणी ते करू शकत नाही. मी आठवड्यातून एकदा येणार, आईबाबा सकाळी आठला बाहेर पडणार. दिवसभर ती तुमच्याकडंच बघत असते.

एकनाथराव: आत्तासुद्धा?

त्रिवेणी: बघा ना.

एकनाथराव: हो. चष्मा मागते आहे. घे… त्रिवेणीबाई, लेखणी आहे का? लिहून घ्या. त्या लक्ष्मी मॅडमना पत्र पाठवायचं आहे.

मालनबाई: गेलं! त्रिवेणी, आता जेवूनच जा तू. चार पानं आहेत.

एकनाथराव: लिहा. ‘महोदया, आपलं म्हणणं बरोबर होतं. सायली लवकरच परत येईल. तिला पहिल्या बाकावर बसवावं.’ पूर्णविराम.

त्रिवेणी: पुढं?

एकनाथराव: पुढे काही नाही. तेलुगूत तुम्ही सांगा. आणि गुरुवारचा नंबर एकाच नावाचा आहे ना? तिथे दुसरंही लिहा. वयाच्या क्रमाने नको. तिचं आधी.

त्रिवेणी: मोठ्या माणसांचं मशीन दुसऱ्या खिडकीत बघतात, सर. पण त्याच दिवशी होईल. मी बोलते.

एकनाथराव: आणि त्या फॉर्मवरचं ते विशेषण…

त्रिवेणी: खोडू?

एकनाथराव: राहू द्या. शब्दरचना ढोबळ आहे, पण चूक नाही. मी जरा हिला बाल्कनीत घेऊन जातो. मांजर खरंच आली आहे का बघू.

मालनबाई: त्रिवेणी, मशीन यायला किती दिवस गं?

त्रिवेणी: तीन-चार आठवडे धरा. कशाला?

मालनबाई: ज्वारीचा डबा हलवावा लागेल. आणि मग घरात… हळू बोललं तरी चालेल?

त्रिवेणी: हळूच बोलावं लागेल, काकू. ओरडलात तर दोघंही दचकतील.

मालनबाई: आठ वर्षं झाली. भाजी आणा, बिल भरा, गोळी घ्या, हे सगळं ओरडून चालतं. भांडण तर ओरडूनच असतं. पण बाहेरून आल्यावर ‘दमलात का’ हे ओरडून कसं विचारायचं? रेड्डी आंटी काय म्हणतील? म्हणून विचारायचंच सोडून दिलं मी.

त्रिवेणी: आता विचारा की. बाल्कनीच्या दारातच उभे आहेत.

मालनबाई: दमलात का हो?

एकनाथराव: काय म्हणालीस?

मालनबाई: काही नाही! मशीन आलं की पुन्हा विचारते!