सुनबाईची हजेरी

हळू, मथुराकाकू – नाही, तुमी तर बोलूच नका, मीच बोलते. एकीचा आवाज बाहेर गेला तर म्हणतील, सुनबाई भांड्यांशी बोलून राह्यली. दोघींचा गेला तर म्हणतील, बायांची सभा भरली. अशा चुलीच्या कडेनं बसा. मागच्या दारानं आल्या ना? बरं झालं.

माहीत आहे मले, कायले आल्या ते. बाभळबन. सकाळपासून जी बाई पाण्याले निघाली ती हेच सांगून गेली – आपली बायांची बसाची जागा, गोदरी, बाबाराव व्यापाऱ्याले कापूस टाकाले देऊन राह्यले, तारेचं कुंपण पडलं की आपण जावं कुठं, कौसल्या, तू पंचायतीत आहेस, तू बोल. हो, आहे ना मी पंचायतीत. अंगाची हळद उतरली नव्हती तं मेंबर झाली. नवा कायदा आला, दोन बाया पाहिजेच म्हणे, मग मामाजी सरपंच, त्यांनी आपलीच सून काढली – आणि काहून काढली तेबी सांगते, चारचौघांत म्हणाले होते, आमची सून बोलत नाही. झालं, पास झाली मी. दुसरी मेंबर मामाजीची बहीण, ती अंथरुणावरून उठत नाही. तिचीबी हजेरी लागते बरं का.

माझी कशी लागते सांगू? सभा इथंच, ओसरीवर. माणसं ओसरीवर, मी चुलीपाशी, मधात हे दार. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, चावडीची पायरी चढायची नाही, मग हजेरी लागावी कशी? मी दाराआडून चहाचं ताट बाहेर सरकवलं की मामाजी म्हणतात, आल्या बाई. अन् ठराव पास. माझा होकार दूध-साखर घातलेला असतो, काकू.

हसून काय राह्यल्या? मागच्या खेपेले बोलली होती मी. खरंच. आपल्या विहिरीवर चाक बसवायचं सोडून ते पैसे तालमीले देऊन राह्यले होते. या दारामागून मी म्हणलं, 'नाही.' एकच शब्द – माझा गळा मलेच ओळखू आला नाही. मग मामाजी म्हणाले, "दूध नाही म्हणते सुनबाई. कोराच चालेल." सारे हसले. कोरा चहा पिऊन उठले, पैसे तालमीले गेले, आणि दुधाचा भरला गंज माझ्यासमोर तसाच. मागून हे म्हणाले, आवाज चांगला आहे तुझा, पण घरातला आहे.

तुमची जया भरल्या दिवसांची, मले दिसत नाही का? बाभळबन गेलं की राहते काय – सडकेची कड. दारव्ह्याकडून ट्रक आला, उजेड पडला, उठा. गेला, बसा. बैलगाडी आली, पुन्हा उठा. त्या पोटानिशी कितीदा उठावं तिनं? माणसाचं बरं आहे, टमरेल उचललं की सारा मुलूख त्याचा. अन् हे मामाजीले सांगावं तं कोण्या तोंडानं? त्या जागेचं नावच सुनेनं घ्यायचं नाही. ठरावात म्हणे 'पडीक जमीन' आहे. पडीक. गावातल्या साऱ्या बाया रोज जाऊन राह्यल्या, अन् पडीक.

पण आज मी ठरवलं आहे. चहा आज मीच नेणार. डोक्यावर पदर घेईन, ताट घेऊन उंबऱ्याबाहेर जाईन, आणि खाली ठेवणार नाही – हातातच धरून उभी राहीन. दूध घातलेला चहा साऱ्यांच्या डोळ्यांपुढं असला की 'नाही'चा दुसरा अर्थ कोण काढते पाहू. म्हणीन, जागा पडीक नाही. एवढंच. पुढचं कोणी विचारणार नाही, पण विचारलं तं तेबी सांगीन.

धरा हा गंज फडक्यानं, गाळून घेते. कपबश्या – थांबा. पाय वाजले. हे आहेत. त्या कोठीमागं सरका, सरका –

गेले. या बाहेर.

पाह्यलं ना? ताट घेतलं माझ्या हातातून. म्हणाले, दे इकडं, तू नको येऊ, आज बाहेरची मोठी माणसं आहेत, मी नेतो. लग्न झाल्यापासून या माणसानं पेला उचलून पाणी घेतलं नाही, काकू. या गावात कोण्या माणसानं चहाचं ताट उचललेलं पाह्यलं का तुमी? अन् किती अलगद नेलं. थेंब सांडला नाही.

मी काही म्हणलं का? तुमी तिथं होत्या, ऐकू आलं का काही? तोंड तं उघडलं होतं मी... की मघापासून त्यांनीच ऐकलं सारं? दार काही जाड नाही. तुमाले नका बोलू म्हणून सांगितलं, अन् मीच –

बशा वाजून राह्यल्या. झाला ठराव.

उठा, काकू. मागच्या दारानंच जा. जयाले म्हणा, तारा उद्या ताणतील, आज जाऊन घे.